देहाचे सत्य ही कोणाची अमानत?

काही प्रश्नांना फतव्याच्या चार ओळी पुरत नाहीत. जायज-नाजायजचा निर्णय सांगून झाला तरी विचारणारा जागेवरून उठत नाही. कारण जे विचारायचे असते ते त्याने अद्याप विचारलेलेच नसते. असाच एक प्रश्न वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावी इशाच्या नमाजनंतर माझ्यापुढे आला. मशीद रिकामी होईपर्यंत एक गृहस्थ वजूखान्याजवळ उभे राहिले. जिनिंगमध्ये कामाला जाणारा, पहिल्या सफीत न चुकता येणारा मनुष्य. कापडी पिशवीतून त्यांनी रुग्णालयाची फाईल काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

त्यांची कन्या सोळा वर्षांची, अकरावीत शिकणारी. लहानपणापासून तिची वाढ चांगली. दाराच्या चौकटीवर दर ईदला तिची उंची पेन्सिलीने आखण्याची घरात रीत होती. तेराव्या वर्षानंतर ती खूण भराभर वर सरकली आणि लेक आईच्या डोक्यावरून गेली. सारे घर कौतुक करी. परंतु मासिक पाळी आली नाही. चौदावे वर्ष गेले, पंधरावे गेले, तेव्हा तपासण्या झाल्या. गर्भाशय नाही असे सोनोग्राफीत दिसले आणि गुणसूत्रांच्या तपासणीत मुलींप्रमाणे एक्स-एक्स नव्हे, तर एक्स-वाय जोडी आढळली. डॉक्टरांनी नाव सांगितले : अँड्रोजेन इन्सेन्सिटिव्हिटी सिंड्रोम.

"मौलाना, माझी लेक लेकच आहे ना?" त्यांनी विचारले. या प्रश्नाचे उत्तर मी पुढे देईन. मी त्यांना विचारले, "हे घरात कोणाकोणाला ठाऊक आहे?" ते म्हणाले, "माझी आई, दोन भाऊ, दोन्ही भावजया, हिच्या माहेरची मंडळी." "आणि मुलीला?" त्यांनी मान खाली घातली. "तिला कसे सांगायचे?"

ज्या घरात आठ-दहा माणसांना एका मुलीच्या देहाचे सत्य ठाऊक होते, तेथे त्या एका मुलीलाच ते ठाऊक नव्हते. हा लेख या उलट्या व्यवहाराविषयी आहे. आरंभीच स्पष्ट करतो की, त्या मुलीच्या आणि तिच्या आईवडिलांच्या अनुमतीनेच हे लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ज्या तत्त्वाचा पुरस्कार करायचा, त्याचाच भंग करून लेख लिहिणे योग्य झाले नसते.

देहात काय घडते?

अज्ञानावर उभारलेली दया फार काळ टिकत नाही. म्हणून आधी वस्तुस्थिती समजून घेऊ. मातेच्या उदरात पहिले सहा-सात आठवडे मुलगा आणि मुलगी यांच्या देहरचनेत भेद दिसत नाही. पुढे वाय गुणसूत्रावरील एका जनुकाच्या प्रभावाने वृषणग्रंथी घडू लागतात. या ग्रंथी दोन संदेश धाडतात. पहिल्या संदेशाने गर्भाशयाची घडण थांबते. दुसरा संदेश टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचा. त्याने बाह्य देह पुरुषाच्या वळणावर जातो. टेस्टोस्टेरॉन ज्या वर्गात मोडते, त्या संप्रेरकांना अँड्रोजेन म्हणतात. हा दुसरा संदेश ऐकण्यासाठी पेशींमध्ये एक ग्राहक असावा लागतो आणि तो घडवणारे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. त्या जनुकात दोष असला की, मिनारावरून अजान होते, परंतु वस्तीच्या कानापर्यंत ती पोहोचत नाही. पहिला संदेश ऐकला गेला, म्हणून गर्भाशय नाही. दुसरा ऐकला गेला नाही, म्हणून बाह्य देह मुलीचा. ज्यांच्यात हा संदेश मुळीच ऐकला जात नाही, त्या मुली जन्मतः इतर मुलींसारख्याच दिसतात. एक्स-वाय गुणसूत्रांच्या साधारण २० हजार ते १ लाख बालकांमागे एक असे याचे प्रमाण सांगितले जाते. काहींच्या बाबतीत तान्ह्या वयातच जांघेत हर्नियाची गाठ आढळते आणि शस्त्रक्रियेच्या वेळी उलगडा होतो. इतरांच्या बाबतीत पाळी न आल्यामुळे पंधराव्या-सोळाव्या वर्षी.

या लेकरांच्या वाढीची रीत विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. बालपणी त्यांची वाढ इतर मुलांसारखीच होते. वयात येण्याच्या सुमारास टेस्टोस्टेरॉन तयार होते, पण देहाला ते त्या रूपात वापरता येत नाही. तेव्हा देहातील एक विकर त्याचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करते. या इस्ट्रोजेनमुळे स्तनांची वाढ होते आणि उंचीही झपाट्याने वाढते. १९८६ साली झुरिकचे बालरोगतज्ज्ञ मिलो झाखमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलींच्या वाढीच्या नोंदी अभ्यासल्या. उंची वाढण्याचा त्यांचा काळ आणि वेग सर्वसाधारण मुलींच्या जवळचा असल्याचे त्यांना आढळले. अंतिम उंची मात्र बहुधा स्त्रियांच्या सरासरीहून अधिक आणि पुरुषांच्या सरासरीहून कमी राहते. हाडांची वाढ पूर्ण होऊन थांबते, तीही इस्ट्रोजेनमुळेच, आणि हे पुरुषांनाही लागू आहे. १९९४ साली अमेरिकेत एका अठ्ठावीस वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याचा देह इस्ट्रोजेनला प्रतिसादच देत नव्हता. त्याची उंची २०४ सेंटिमीटर झाली होती आणि हाडांची टोके तरीही जुळलेली नव्हती. ज्याला आपण 'स्त्रीचे संप्रेरक' म्हणून बाजूला ठेवतो, त्यावाचून पुरुषाचा सांगाडाही पूर्ण होत नाही. अल्लाहच्या निर्मितीतील सीमारेषा आपल्या बोलण्यातील सीमारेषांहून किती सूक्ष्म असतात, हे येथे दिसते.

म्हणून चौकटीवरची ती वर सरकलेली खूण ना कलंकाची होती, ना 'ही मुळात मुलगा आहे' याची साक्ष. ती एका मुलीच्या वाढीची खूण होती.

दोन गोष्टी व्यवहाराच्या. पहिली अशी की, आतील ग्रंथी काढून टाकण्याची घाई करू नये. वयात येण्यापूर्वीच त्या काढल्या तर स्तनवाढ आणि उंचीची झेप आपोआप होत नाही, औषधांनी घडवावी लागते. त्या ग्रंथींत कर्करोग उद्भवण्याचा धोका बालवयात अल्प असतो आणि पुढे वाढतो. त्यामुळे वाढ पूर्ण झाल्यावर, मुलीला सर्व समजावून, तिच्या संमतीने निर्णय घेण्याकडे तज्ज्ञांचा कल असतो. दुसरी गोष्ट हाडांची. या मुलींच्या हाडांची घनता कमी असू शकते, आणि ग्रंथी काढल्यानंतर इस्ट्रोजेनची औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. "आता काय उपयोग" म्हणून ती सोडणे म्हणजे सोपवलेल्या देहाची हानी करणे होय.

याच विकाराचा एक आंशिक प्रकारही असतो. त्यात संदेश थोडा ऐकला जातो, थोडा नाही. बाह्य देह काही वेळा संदिग्ध असतो आणि काही लेकरे मुलगे म्हणूनच वाढतात. तेथील निर्णय अधिक कठीण असतात. आमच्या जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. अशा प्रसंगी ताईत बांधणाऱ्याच्या उंबऱ्यापूर्वी तेथील पायरी चढावी.

फुकहांनी काय पाहिले?

आता त्या पित्याच्या प्रश्नाकडे वळू. आपल्या फिकहमध्ये 'खुन्सा' या नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. ज्याच्या देहात स्त्री आणि पुरुष दोहोंच्या खुणा आहेत किंवा कोणतीही स्पष्ट नाही, त्याला खुन्सा म्हणतात. सरखसींच्या 'मबसूत'मध्ये आणि मरगीनानींच्या 'हिदाया'मध्ये हे प्रकरण आहे. त्या काळी सूक्ष्मदर्शक नव्हते, तरीही हे मानव आपल्या कायद्याच्या बाहेर आहेत असे एकाही इमामाने म्हटले नाही. त्यांची नमाज, त्यांचा वारसा, त्यांचे दफन या सर्वांचे मसअले त्यांनी लिहून ठेवले.

इब्ने हिशाम यांच्या सीरतग्रंथात इस्लामपूर्व काळातील आमिर बिन जरिब या अरब न्यायाधीशाची हकीकत आहे. अशाच एका व्यक्तीचा वारसा स्त्रीचा धरावा की पुरुषाचा, असा वाद त्याच्यापुढे आला. त्याला उत्तर सुचेना आणि त्याची रात्र जागण्यात गेली. अखेर त्याच्या मेंढ्या राखणाऱ्या सुखैला नावाच्या दासीने त्याला मार्ग सांगितला : मूत्रविसर्जन ज्या मार्गाने होते त्यावरून ठरवा. एरवी उशीर करते म्हणून तो तिला रोज बोलत असे. या कथेतील निर्णयापेक्षा मला त्या न्यायाधीशाची जागलेली रात्र अधिक मोलाची वाटते. एका माणसाच्या देहाविषयी निर्णय द्यायचा म्हणून त्याची झोप उडाली. आपल्याकडे तोच निर्णय भावजया चुलीपाशी बसून एका घोटात देतात.

वयात आल्यानंतरच्या खुणाही फुकहांनी सांगितल्या. दाढी उगवली तर पुरुष. स्त्रीप्रमाणे स्तन आले, पाळी आली किंवा गर्भ राहिला तर स्त्री. येथे त्यांचे मूलतत्त्व दिसते : निर्णय जाहिरावर, म्हणजे जे प्रकट आहे त्यावर. ज्या मुलीचा बाह्य देह जन्मापासून मुलीचा, स्तन मुलीचे, जिला दाढी नाही आणि जी स्वतःला मुलगीच जाणते, ती या कसोटीवर 'खुन्सा मुश्किल'ही ठरत नाही. तिच्याविषयी संदेह उरतच नाही.

आधुनिक काळातही विद्वानांनी या विषयाचा विचार केला आहे. १९८९ मध्ये मक्का येथील इस्लामी फिकह परिषदेने जे पूर्ण पुरुष किंवा पूर्ण स्त्री आहेत त्यांच्या लिंगबदलास मनाई केली. ज्यांच्या देहात दोन्ही खुणा एकत्र आहेत, त्यांच्या बाबतीत प्रबळ खूण पाहून उपचार करण्यास मात्र तिने अनुमती दिली. २००६ मध्ये मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा समितीने तर याच विकाराचा नावानिशी विचार केला. लहानपणी हे लक्षात आले नसेल, तर अशा व्यक्तीने इतरांप्रमाणेच जीवन जगावे; तिला तिच्या बाह्य देहानुसार मान्यता मिळावी; आणि तिचा विवाह झालेला असेल तर तो रद्द करण्याची आवश्यकता नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. आमच्या भागातील ज्येष्ठ मुफ्तींशी बोलूनच मी त्या पित्याला सांगितले, "भाई, तुमची लेक लेकच आहे. काल होती, आज आहे." प्रत्येक लेकराची स्थिती भिन्न असते, म्हणून वाचकांनी या लेखावरून परस्पर निर्णय न घेता डॉक्टर आणि मुफ्ती या दोघांनाही विचारावे.

गर्दीकडून कळलेले सत्य

हे उत्तर ऐकून पित्याला धीर आला. परंतु खरा प्रश्न पुढेच होता : मुलीला सांगायचे की नाही?

आपल्याच महाराष्ट्रातील एक प्रकरण पाहा. नाशिकच्या एका तरुणीने २०१८ साली पोलीस भरतीची लेखी आणि शारीरिक परीक्षा उत्तीर्ण केली. त्यानंतरच्या वैद्यकीय तपासणीत तिला गर्भाशय नसल्याचे दिसले आणि पुढील चाचणीत एक्स-वाय गुणसूत्रे आढळली. अहवालाने तिला पुरुष ठरवले आणि नोकरी हातची गेली. तिने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. आपल्या देहातील या वेगळेपणाची आपल्याला कल्पनाच नव्हती, आपण जन्मापासून स्त्री म्हणून जगलो आणि सर्व कागदपत्रे त्याच नावाने आहेत, असे तिचे म्हणणे होते. मे २०२२ मध्ये न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती माधव जामदार यांच्या खंडपीठाने तिच्यात कोणताही दोष काढता येणार नाही असे मानले. शिपाई वर्गाबाहेरील पदावर तिला पोलीस दलातच सामावून घेण्याची प्रक्रिया दोन महिन्यांत पूर्ण करण्याचे निर्देशही दिले. न्याय झाला, अल्हम्दुलिल्लाह. पण आपल्या देहाचे सत्य तिला भरतीच्या कागदावरून कळावे, ही वेदना कोणते न्यायालय भरून देणार?

तमिळनाडूच्या धावपटू शांती सौंदराजन यांची हकीकत जगजाहीर आहे. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत त्यांनी ८०० मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवले आणि लिंगचाचणीनंतर ते काढून घेण्यात आले. त्यांच्या देहाची चर्चा साऱ्या देशाच्या वृत्तपत्रांनी केली. पुढे त्यांना वीटभट्टीवर मजुरीही करावी लागली. त्याच तमिळनाडूत पुढे काही चांगलेही घडले. एप्रिल २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने संदिग्ध देहाच्या तान्ह्या बालकांवर अनावश्यक लिंगनिश्चितीच्या शस्त्रक्रिया करण्याविरुद्ध निर्णय दिला, आणि जीवावर बेतण्याचा प्रसंग वगळता अशा शस्त्रक्रियांना राज्य सरकारने त्याच वर्षी मनाई केली. लेकराचा देह लेकराचा आहे, आईबापांच्या लाजेचा नव्हे, हेच यामागील तत्त्व होय.

झाकणे आणि दडवणे

न सांगण्याच्या बाजूचा युक्तिवादही मी प्रामाणिकपणे मांडतो. आईबाप म्हणतात : लेकरू कोवळे आहे, मोडून पडेल. शिवाय प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे की, जो आपल्या बांधवाचे उणे झाकतो, त्याचे उणे कयामतच्या दिवशी अल्लाह झाकतो. मग आम्ही झाकले तर काय चुकले? हा युक्तिवाद प्रेमातून येतो, म्हणून त्याचा उपहास करू नये. एके काळी डॉक्टरही हाच सल्ला देत. परंतु २००६ मध्ये बालसंप्रेरकतज्ज्ञांचे जे संयुक्त निवेदन प्रसिद्ध झाले, त्यात लेकराशी त्याच्या वयानुरूप मोकळेपणाने बोलण्याचा आग्रह आहे आणि रुग्णांना दुखावणारी जुनी नावे टाळण्याची सूचना आहे.

माझ्या मते गफलत 'झाकणे' या शब्दाच्या अर्थात होते. सतर म्हणजे लोकांच्या नजरेपासून झाकणे. ज्याची गोष्ट आहे त्याच्यापासूनच ती दडवणे नव्हे. आपले वस्त्र आपल्याला इतरांपासून झाकते. आपल्याला आपल्यापासून झाकणारे वस्त्र कोणी शिवत नाही. त्या घराने नेमके उलटे केले होते. जेथे झाकायचे तेथे उघडे केले आणि जिला द्यायचे तिच्यापासून दडवले. सूरह हुजुरातमध्ये टेहळणी, पाठीमागची निंदा आणि वाईट नावे ठेवणे यांची एकत्र मनाई आहे. त्या मुलीच्या नकळत तिला घरात एक नाव पडले होते. ते मी येथे लिहीत नाही.

सूरह निसाच्या ५८ व्या आयतीत अमानत ज्याची त्याला पोहोचवण्याची आज्ञा आहे. देहाविषयीचे ज्ञान कोणाची अमानत? रिपोर्टवर सही बापाची असेल, पैसे बापाने भरले असतील, पण देह मुलीचा आहे. मायबाप त्या ज्ञानाचे धनी नव्हेत. ते विश्वस्त आहेत.

विश्वस्ताने काय करावे, हेही त्याच सूरहच्या सहाव्या आयतीवरून मला उमगते. तेथे यतीमांच्या मालमत्तेचा विषय आहे. आशय असा की, ते विवाहाच्या वयाला येईपर्यंत त्यांना पारखत राहा आणि समज आलेली दिसली की त्यांची मालमत्ता त्यांच्या स्वाधीन करा. ते मोठे होतील या भीतीने ती घाईघाईने खाऊन टाकू नका. ही आयत मालमत्तेची आहे, हे मी जाणतो. परंतु तीत सोपवण्याची जी रीत आहे, ती येथेही मार्ग दाखवते. एकाच दिवशी सर्व ओझे लेकराच्या डोक्यावर टाकायचे नाही आणि जन्मभर कुलुपातही ठेवायचे नाही. पारखत, समज पाहत, टप्प्याटप्प्याने द्यायचे. सहा-सात वर्षांच्या मुलीला एवढे पुरे की, अल्लाहने प्रत्येकाचा देह थोडा निराळा घडवला आहे आणि तुझ्या देहाविषयी काहीही विचारायला लाजू नकोस. दहा-अकराव्या वर्षी सांगावे की, तुझी वाढ इतर मुलींसारखीच होईल, पण पाळी येणार नाही आणि पोटात बाळ वाढणार नाही. पुढे गुणसूत्रांची आणि उपचारांची सर्व माहिती डॉक्टरांच्या उपस्थितीत द्यावी. यतीमांची मालमत्ता सोपवताना साक्षीदार ठेवण्यास सांगितले आहे. येथे मात्र गर्दीची साक्ष नको. आई, बाप आणि एक जाणकार डॉक्टर पुरेत.

तिने विचारलेला प्रश्न

पती-पत्नींनी विचार केला आणि एके दिवशी डॉक्टर बाईंच्या खोलीत आईने मुलीला सांगितले. मुलगी बराच वेळ गप्प राहिली. मग तिने जे विचारले ते आईने दुसऱ्या दिवशी, तिच्याच सांगण्यावरून, माझ्यापर्यंत पोहोचवले : "मग माझ्या त्या नमाजांचे काय?"

प्रथम मला अर्थ लागला नाही. मग आईने रडत सांगितले. एकत्र कुटुंबात पाळी येत नाही हे कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून आईनेच तिला शिकवले होते की, महिन्यातून पाच दिवस चुलतबहिणींसारखी तूही नमाज सोड. रमजानमध्येही तसेच. तेराव्या वर्षापासून ती मुलगी न आलेल्या पाळीसाठी नमाज आणि रोजे सोडत होती. तिची इच्छा नमाज पढण्याची होती. तिला ती सोडून खोटे वागावे लागे. पुढे तपासण्यांनंतर घरातील सर्वांना खरे कळले, तरीही तिला 'आता पढ' असे कोणी सांगितले नाही. कारण तसे सांगितले असते तर कारणही सांगावे लागले असते.

दयेपोटी दडवलेले सत्य कोठवर पोहोचले होते ते पाहा. ते एका मुलीच्या आणि तिच्या रबच्या मध्ये येऊन बसले होते. 'ती मोडून पडेल' असे आपण म्हणत होतो. ती तर तीन वर्षे एकटीच ते वाहत होती. काहीतरी निराळे आहे हे लेकरांना कळतच असते. न कळते ते नाव आणि न मिळते ती सोबत.

मसअला असा आहे. जिला पाळी येत नाही आणि बुलूगची दुसरी निर्णायक खूणही नाही, अशी मुलगी हनफी मतानुसार पंधरा चांद्रवर्षे पूर्ण झाल्यावर बालिग ठरते. चांद्रवर्षे लहान असल्याने सौरवर्षांच्या हिशेबाने हे वय साधारण साडेचौदा वर्षांचे होते. त्यापूर्वी सुटलेल्या नमाज तिच्यावर फर्जच नव्हत्या. त्यांची कजा नाही. त्यानंतरच्या नमाजांची आणि रोजांची कजा आहे. जे रोजे सुरूच केले नव्हते, त्यांवर कफ्फारा नाही. केवळ कजा आणि तौबा. यापुढे तिला दर महिन्याची ती सूट नाही. ती सर्व दिवस नमाज पढेल. मी हे कागदावर लिहून दिले आणि खाली एक ओळ जोडली की, तौबेत तिच्याआधी आम्हा मोठ्यांचा क्रमांक लागतो.

विवाह आणि आईवरचा आळ

आता दोन गोष्टी, ज्या घरोघरी विचारल्या जातील. पहिली विवाहाची. अशा मुलीचे लग्न ठरवताना मूल होणार नाही ही गोष्ट आणि वैवाहिक जीवनाशी निगडित वैद्यकीय बाबी नियोजित वराला आधीच सांगणे आवश्यक आहे. लपवून केलेला निकाह ही फसवणूक होय, आणि फसवणारा आमच्यातला नव्हे असा प्रेषितांचा (स.) इशारा आहे. परंतु सांगायचे ते मुलीच्या संमतीने आणि ज्याच्याशी निकाह व्हायचा त्याला, मोहल्ल्याला नव्हे. स्थळ जुळले नाही तर ऐकणाऱ्याने ती गोष्ट अमानत म्हणून पोटात ठेवावी. मूल नाही म्हणून स्त्रीचे जीवन व्यर्थ, हा विचार आपल्या दीनमध्ये कोठे बसतो? हजरत आयशा (रजि.) यांना अपत्य नव्हते. प्रेषितांनी (स.) त्यांना त्यांच्या भाच्याच्या नावावरून 'उम्मे अब्दुल्लाह' ही कुन्यत दिली, आणि साऱ्या उम्मतने त्यांना आई म्हटले. सूरह शूरामध्ये सांगितले आहे की, मुली, मुलगे किंवा दोन्ही देणारा अल्लाहच आहे आणि काहींना तो निःसंतान ठेवतो. ते त्याच्या ज्ञानाचे आणि सामर्थ्याचे कार्य आहे. ज्यांना दिले नाही त्यांचा तो अपराध नव्हे.

दुसरी गोष्ट आईची. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने ते बहुतेकदा आईकडून येते. काही लेकरांत तो बदल नव्यानेच घडलेला असतो. हे कळताच सासरी बोटे आईकडे वळतात. जे तिने निवडले नाही, जे तिला ठाऊकही नव्हते, त्याचा जाब तिला कोण विचारणार? कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हे कुरआनचे तत्त्व आहे. येथे तर ओझे गुन्ह्याचे नाहीच. मात्र तिच्या इतर मुलींच्या गुणसूत्रांतही तो बदल असू शकतो, म्हणून मावशी आणि बहिणींनी डॉक्टरांचा सल्ला घेणे शहाणपणाचे ठरेल. तेही त्या मुलीचे नाव चव्हाट्यावर न आणता.

गेल्या रमजानमध्ये त्या पित्याने मला सांगितले की, लेक पूर्ण महिनाभर रोजे ठेवत आहे आणि रोज फज्रनंतर एक कजा नमाज पढते. घरात कोणी विचारले, "तुझे दिवस नाहीत का?" तर ती शांतपणे म्हणते, "नाहीत." एवढेच. काय सांगायचे आणि किती सांगायचे, हे आता ती ठरवते. अमानत जिची तिला पोहोचली आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या ओळखीत असे एखादे लेकरू असेल तर त्याची गोष्ट आपल्या तोंडून बाहेर पडू देऊ नका, आणि आपल्या घरात असेल तर ती त्याच्यापासून दडवून ठेवू नका. अल्लाह आपल्याला झाकण्याजोगे झाकण्याची आणि ज्याचे त्याला सोपवण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.